दुसऱ्या आळीची मान

एका गावात एक कुंभार राहायचा. हाताखालची माती लोण्यासारखी, स्वभाव मात्र भट्टीतून काढलेल्या खापरासारखा. हात लावाल तर पोळाल.

त्या गावात तीन आळ्या होत्या. कुंभारांची, धनगरांची आणि माळ्यांची. तिघांचे देव निराळे, सण निराळे, पण भांडायला पार एकच. आणि पाराचा रिवाज असा, की मागणी कुणीही करावी, पण तिचं कारण ऐकून दुसऱ्या आळ्यांतल्या माणसांची मान हलली पाहिजे. स्वतःच्या आळीच्या माना मोजायच्या नाहीत. आपली माणसं काय, आपण शिंकलो तरी वाहवा म्हणतात.

एका उन्हाळ्यात गावचं तळं आटत आटत मधोमध थोडंसं उरलं. कुंभाराची माठाची माती नेमकी त्याच पाण्याच्या कडेला. पहाटे जाऊन तो खणायचा, पाणी सगळं गढूळ व्हायचं, आणि मागून धनगरआळीतल्या एका धनगरणीची मेंढरं आली की नुसती हुंगून मागं सरायची. दोन कोकरं तहानेनं आडवी झाली, तेव्हा ती पदर खोचून पारावर आली.

"याचं खणणं बंद करा. नाहीतर माझा कळप मरतो."

कुंभार उसळला. माठ उन्हाळ्यातच खपणार, आणि त्यावरच घराची चूल वर्षभर पेटणार. माती नाही तर भाकरी नाही.

"काल देवी माझ्या स्वप्नात आली," तो म्हणाला. "म्हणाली, ती माती तुझीच."

माळीआळीतला एक म्हातारा दाढी खाजवत म्हणाला, "आली असेल, बाबा. पण आमच्या स्वप्नात नाही आली. आम्ही कशावर मान हलवायची?"

"माझा बाप, माझा आजा तिथंच खणत आला!"

"आणि माझ्या सासऱ्याची मेंढरं काय घरून पाणी पिऊन यायची?" धनगरीण म्हणाली.

सगळा पार हसला. मान एकही हलली नाही. आठवड्यानं पुन्हा बसायचं ठरलं.

कुंभार घरी आला तो धुमसतच. कारण शोधायचं सोडून त्यानं माळीआळीत घरोघरी एकेक नवाकोरा माठ पोचवला. आठवड्यानं पारावर त्यानं तोंड उघडायच्या आधीच माळ्यांच्या माना पिकल्या कणसांसारख्या डोलायला लागल्या. कुंभार जिंकला. आता वाटेल तेव्हा खणायला मोकळा.

धनगरीण रडली नाही. तिनं माळीआळीत घरोघरी घोंगडी वाटली. उन्हाळ्यात घोंगडं कशाला म्हणाल, तर फुकट मिळालं की उकडत नाही. पुढच्या बैठकीत त्याच माना उलट्या बाजूनं डोलल्या. खणणं कायमचं बंद.

"या माना विकत घेतल्यात!" कुंभार ओरडला.

"घेतल्यात की," तो माळी म्हातारा म्हणाला. तेवढ्या एकानं ना माठ घेतला होता ना घोंगडं. "पण दादा, बाजार कुणी मांडला?"

कुंभार घरी न जाता तळ्यावर जाऊन बसला. चाक थांबलं होतं, करायला दुसरं होतंच काय? पहिल्यांदाच त्यानं मेंढरांना पाणी पिताना नीट पाहिलं. ती उताराच्या बाजूनं यायची आणि गुडघाभर गाळात रुतायची. एक कोकरू असं फसलं, की यानंच शिव्या घालत चिखलात उतरून त्याला बाहेर काढलं. हाताला लागलेला गाळ बोटांत मळून पाहिला. तिथली मातीही माठाचीच होती.

तसाच चिखलानं बरबटलेला तो धनगरआळीत गेला.

"बाई, तुझी मेंढरं रुततात तो गाळ मी काढतो. सकाळी तू पाजून घे, मी उन्हं कलल्यावर खणीन. रात्रीतून पाणी निवळेल. तळं खोल होईल, पुढल्या साली पाणी जास्त दिवस टिकेल. मी धनगर असतो तर मला हे पटलं असतं. तुला पटतं का?"

"आणि नाही पटलं तर?"

"तर दुसरं कारण शोधीन. माठ वाटणार नाही."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काठ सरळ कापू नकोस. उतार ठेव. नाहीतर कोकरं आत पडतील."

"हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."

"कसं येईल? तुला चार पाय कुठं आहेत?"

दुसऱ्या दिवशी पारावर कुंभारानं सगळं पुन्हा सांगितलं, उतारासकट. सगळ्यांत आधी मान हलली ती धनगरणीची. मग त्या माळी म्हाताऱ्याची. बाकीचे माळी जरा खाली बघत होते, पण शेवटी त्यांच्याही माना हलल्या, आणि या खेपेला फुकट.

कुंभाराला इतका आनंद झाला, की घरातला सगळ्यांत देखणा माठ उचलून तो धनगरणीच्या दारात गेला.

"आज नको रे, दादा," ती हसून म्हणाली. "आज घेतला तर लोक म्हणतील, हिनं मान विकली. पाऊस पडून तळं भरू दे, मग आण."

कुंभारानं माठ परत खांद्यावर घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी नाही म्हटल्यावर तो चिडला नाही.

तात्पर्य काय ते सरळ सांगायचं तर: आपल्या मागणीची झळ ज्याला लागणार, त्याला पटेल असं कारण शोधा. विकत घेतलेली मान उद्या दुसऱ्यासाठीही हलते. पटलेली मान मात्र आपल्याला आपली चूकही दाखवते.