टरफलावरच्या भेगा

फार पूर्वी एका विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पक्षी राहत. पिल्लू जन्मलं की म्हातारा पिंगळा अंड्याच्या टरफलावरच्या भेगा वाचून भविष्य सांगे.

"चंदीला पाण्याचा धोका आहे," चंदी जन्मली तेव्हा तो म्हणाला. खाली विहीर, म्हणून आईने तिला उडूच दिलं नाही. धाकटा भुऱ्या मात्र उडायला शिकला.

वादळात घरटं तुटलं. भुऱ्या उडाला, चंदी विहिरीत पडली.

"बघा, सांगितलं होतं ना?" पिंगळा म्हणाला.

"काका, ताईला उडता आलं असतं तर?" भुऱ्या किंचाळला. पिंगळ्याने मान फिरवली.

पुढे नवी बहीण जन्मली. पिंगळा येण्याआधीच भुऱ्याने टरफल विहिरीत फेकलं.

"मेल्या, आता हिचं कसं कळणार?" आई रडली.

"कळायलाच नको."

पंख फुटल्यावर पिल्लू घरट्याच्या तोंडाशी आलं. आईने डोळे मिटले, पण त्याला आत ओढलं नाही.