लगेच "घेतला!" म्हणणारं कार्ड

फोनला कॅमेरे फुटले नव्हते, त्या काळची गोष्ट. एका स्टुडिओतल्या कॅमेऱ्याच्या पोटात जुनं मेमरी कार्ड होतं. कॅमेऱ्यानं "घेतला का?" विचारलं की ते म्हणायचं, "दम धर जरा, अजून लिहून व्हायचंय." तोवर समोरचं हसू मावळलेलं असायचं. कॅमेऱ्याला त्याचा भारी वैताग यायचा.

एकदा बाजारातून नवं, चकचकीत कार्ड आलं आणि जुनं ड्रॉवरमध्ये गेलं. बटण दाबायचा अवकाश, ते ओरडायचं, "घेतला!"

"पण ठेवलास का?" जुन्यानं ड्रॉवरमधून विचारलं.

"तुझ्या पोटात दुखतंय," कॅमेरा खेकसला.

त्याच आठवड्यात सुंद्राबाई कुंभारणीच्या लेकाचं लग्न होतं. फोटो काढला की आयुष्य घटतं, म्हणून बाईनं जन्मात कधी फोटो काढू दिला नव्हता. लेकानं गळ घातली, तेव्हा ती बोळकं उघडून हसली.

"घेतला का?"

"घेतला!"

पुढच्याच आठवड्यात सुंद्राबाई गेली. तेराव्याला लावायला फोटो हवा, म्हणून लेक फ्रेम आणि हार घेऊन स्टुडिओत आला. मालकानं कार्ड उघडलं, तर आत काहीच नव्हतं.

"कुठाय तो?" कॅमेऱ्यानं कार्डाला विचारलं.

"घेतला का, एवढंच विचारायचास तू," कार्ड म्हणालं. "ठेव असं कधी म्हणालास?"

लेकानं हार रिकाम्या फ्रेमलाच घातला आणि ती उचलली. काउंटरवरून कॅमेऱ्याला दिसलं, हाराआडच्या काचेत लेकाचाच चेहरा होता.