फळीला एकच मत

फ्रान्समध्ये अजून राजा होता ना, तेव्हाची गोष्ट. एका हवेलीच्या स्वयंपाकघरात तीन फळ्या होत्या. सगळ्यात वर प्रार्थनाघरातले चांदीचे पेले, मधे घराण्याचं चिन्ह कोरलेली तांब्याची पातेली, आणि खाली? खाली नुसती गर्दी! चाळीस काळी लोखंडी भांडी. आणि रोज चुलीवर चढायचं कोणी, तर फक्त यांनीच!

त्यातल्या मार्गोआजी नावाच्या कढईचा तळ पार झिजला होता. अजून एकदा आगीवर ठेवली की ती फुटणारच. म्हणून तिच्या शेजारचा तवा म्हणाला, "आज एखाद्या पातेल्याने चढावं. मत घेऊया!"

"घेऊया की," मोठं पातेलं हसलं. "पण रीतीप्रमाणे हं. एका फळीला एक मत."

झालं! वरच्या दोन फळ्या विरुद्ध खालची एक.

"अहो, पण आम्ही चाळीस आहोत!"

"असाल. फळी एकच ना?"

तव्याने खणकन जमिनीवर उडी मारली. त्याच्यामागे सगळे धडाधड उतरले, आजीलाही सांभाळून उतरवलं.

"हे काय? आता तुमची फळी कुठली?" पातेलं वैतागलं.

"कुठलीच नाही. आता डोकी मोजा!"

तेवढ्यात चांदीचा एक छोटा पेला घाबरत घाबरत खाली आला. "जरा सरकता का? मीपण एक."

डोकी मोजली गेली, आणि त्या दुपारी मोठं पातेलं चुलीवर चढलं आणि किंचाळलं, "आई गं! केवढं भाजतंय हे!"

"हो रे बाळा," मार्गोआजी म्हणाली, "भाजतं."