लिंबाजीचा हलका तंबू

घाटाखालच्या आडवणे गावात एक भोळा माणूस राहत होता. नाव लिंबाजी. गाव लहान होतं, भोळा एकच पुरला.

लिंबाजी वाईट नव्हता. सांगाल ते करायचा. तीच तर पंचाईत. सांगाल ते तंतोतंत करणारा माणूस घरात असला की काय होतं, ते त्याच्या आईला, कोंडाबाईला विचारा. बिचारी बोलायला तोंड उघडायची आणि आधी दहा वेळा विचार करायची. तरी चुकायचीच.

तर या लिंबाजीचा जीव पलीकडच्या वाडीतल्या सारजावर जडला होता. सारजालाही तो आवडायचा. का, ते मला विचारू नका. तिला विचारलं तर म्हणायची, "तो खोटं बोलत नाही. त्याला जमतच नाही." आता एवढ्यावर संसार होतो का? पण तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

सारजाचा बाप हैबती वाटाड्या होता. शहरातली हौशी मंडळी पाठीवर बोचकी बांधून डोंगर तुडवायला यायची. घरी गाद्या असून दगडावर झोपायला यायची, आणि त्याचे पैसे द्यायची. हैबती त्यांना कड्याकड्याने न्यायचा, रानात मुक्काम करायचा, परत आणून सोडायचा. पण आता गुडघे कुरकुरत होते. हाताखाली माणूस हवा होता. त्याने लिंबाजीला ओट्यावर बसवलं आणि स्वच्छ सांगितलं.

"हे बघ. जो आपलं छप्पर आपल्या पाठीवर घेऊन माझ्यासोबत डोंगर चालेल, तो माझा जावई. तंबू आण. हलका पाहिजे, स्वस्त पाहिजे, आत थेंब येता कामा नये. दिवाळीच्या आत आणलास तर पोरगी तुझी. नाहीतर तो जीपवाला मागणी घालून बसलाच आहे."

"मामा, जीपला छप्पर असतं ना?"

"असतं."

"मग तो जीप पाठीवर घेणार?"

हैबतीने पोरीकडे बघितलं. सारजा दाराआड तोंड दाबून हसत होती.

लिंबाजी घरी आला. कोंडाबाईने बोकड विकून आलेले पैसे कनवटीतून काढून त्याच्या हातावर ठेवले. म्हणाली, "नीट ऐक. तंबू हातात धरून बघ. सगळ्यात हलका लागेल तो घे. आणि महाग घेऊ नकोस."

"बरं आई. कळलं."

लिंबाजीला एकदा कळलं की कळलंच.

तालुक्याच्या पेठेत डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाचं दुकान होतं. दोर, बूट, पाठीवरच्या पिशव्या, तंबू. शेठने एक तंबू हातात दिला.

"याहून हलका दाखवा," लिंबाजी म्हणाला.

शेठने दुसरा दिला.

"याहून हलका?"

शेठ शिडीवर चढला, शिडीवरून उतरला, पुन्हा चढला. शेवटी दुकानातला सगळ्यात हलका तंबू त्याने खोळीतून बाहेर काढून पसरला. लिंबाजीने एका हातात तंबू घेतला, दुसऱ्या हातात रिकामी खोळ.

"ही हलकी आहे. केवढ्याला?"

"ती नुसती खोळ आहे हो."

"केवढ्याला पण?"

शेठच्या पायात गोळे आले होते. तो म्हणाला, "फुकट न्या."

हलकी ती हलकी, वर फुकट. लिंबाजी उड्या मारत घरी आला.

कोंडाबाईने खोळ उलटी केली, सुलटी केली, झटकली. "यात तुझं डोकं तरी मावतं का रे?"

लिंबाजीने घालून बघितलं. "मावतं की."

"अरे माझ्या राजा," कोंडाबाई म्हणाली, "अशी डोळे झाकून वस्तू घेऊ नये. आधी तिच्या आत शिरावं. बसावं. पाय पसरून बघावे. मग घ्यावी."

"बरं आई. आता कळलं."

पुढच्या बाजाराला तो निघाला तेव्हा कोंडाबाईने जाता जाता कुंभारवाड्यातून एक रांजण आणायला सांगितला. इथेच तिचं चुकलं. लिंबाजी आधी कुंभारवाड्यात गेला. कुंभारीण पैसे मोजायला आत वळली, परत आली तर गिऱ्हाईक नाही. रांजणातून फक्त डोकं दिसत होतं.

"मेल्या, आत काय करतोस?"

"बसता येतंय, मावशी. पण पाय पसरत नाहीत."

"मग बाहेर ये."

"थांबा, जरा जोर लावून बघतो."

लावला. पाय पसरले. रांजणाच्या खापऱ्या त्याच्या बाजूने फुलाच्या पाकळ्यांसारख्या पडल्या. कुंभारणीने पैसेही ठेवून घेतले आणि पाठीत दोन धपाटेही घातले. दोन्ही हक्काचे होते.

"अरे माझ्या राजा," कोंडाबाईने कपाळाला हात लावला, "अशा वस्तूला टिचकी मारून बघतात. खणखणीत वाजली तर घ्यायची. बद वाजली तर फुटकी समजायची आणि ठेवून द्यायची."

"असं होय. आता कळलं."

लिंबाजी तडक शेठच्या दुकानात. पहिल्या तंबूला टिचकी मारली. आवाज नाही. दुसऱ्याला मारली. नाही. दुकानातल्या सगळ्या तंबूंना टिचक्या मारून झाल्या.

"शेठ, तुमचा सगळा माल फुटका आहे."

"अहो, तंबू वाजत नसतो."

"तेच म्हणतोय मी."

मग त्याने बुटांना मारली, दोरांना मारली. शेठ हिशेब लिहायला वाकला होता, त्याच्या टकलाला मारली. ते बरं वाजलं, पण ते विकाऊ नव्हतं.

शेजारच्या दुकानात मात्र पत्रा होता. घरावर घालतात तो. टिचकी मारली, असा वाजला की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. लिंबाजीने पत्रा डोक्यावर घेतला आणि निघाला. वाटेत वारा सुटला. मग पत्रा वळेल तिकडे लिंबाजी. पत्र्याने त्याला कुणाच्या उसात नेलं, कुणाच्या परसात नेलं, एकदा शाळेत नेलं. दिवेलागणीला एकदाचं घरी आणून सोडलं.

कोंडाबाईने पत्र्याभोवती एक फेरी मारली. मग पत्रा शेळ्यांच्या गोठ्यावर चढवला, कारण बाई हुशार होती, आणि म्हणाली, "अरे माझ्या राजा, पाठीवर न्यायची वस्तू घडी घालून बोचक्यात मावली पाहिजे. मावत नसेल तर आणखी एक घडी घाल. गुडघा दे. दाब. पण मावव."

"आई, हे आधीच सांगायचंस. आता अगदी कळलं."

दिवाळी तोंडावर आली. जीपवाल्याने हैबतीच्या दारात जीप धुवायला सुरुवात केली. कोंडाबाईने तांदळाचे पापड काढून दिले, "हे हैबतीला देऊन ये, आणि तंबू येतोय म्हणून सांग." पापड होते परातीएवढे. पिशवी होती वितीएवढी.

लिंबाजीने घडी घातली. मावले नाहीत. आणखी एक घातली. मग गुडघा दिला.

हैबतीने पिशवीत हात घातला. "हे काय?"

"पापड."

"पीठ आहे हे."

"घड्या घातल्यात मामा. मावले सगळे."

दारात जीपवाला खो खो हसला. हैबतीच्या मिशा थरथरल्या. पण सारजाने पिशवी ओढून घेतली, चुरा कढईत परतला, वर कांदा, तिखट आणि कच्चं तेल घातलं आणि ताट बापापुढे ठेवलं. बापाने ते पुसून खाल्लं. खाणाऱ्याला ओरडता येत नाही.

मग सारजा लिंबाजीला अंगणाच्या कडेला घेऊन गेली.

"ऐक. पैसे थोडे राहिलेत ना? मग नवा तंबू बघूच नकोस. शेठ काही तंबू भाड्याने देतो, त्यातला वापरलेला माग. दोन पदरांचा माग, वरचा पदर पावसाचा. शिवणींवर पट्टी आहे का ते शेठलाच बघायला लाव. आणि एकाचा नको, दोघांचा घे."

"दोघांचा कशाला?"

"घे म्हणते ना. आणि तिथे तू काही धरायचं नाहीस, शिरायचं नाहीस, वाजवायचं नाहीस. हात मागे बांधून उभा राहा आणि मी बोलले ते बोलून दाखव."

लिंबाजीने ते तिथल्या तिथे पाठ केलं. दुकानात हात मागे बांधून म्हणून दाखवलं, "ऐक" पासून "म्हणते ना" पर्यंत सगळं. शेठने आधी टकलावर टोपी घातली, मग तंबू दिला. हलका, स्वस्त, शिवणी शाबूत. बाईमाणसाचं नुसतं ऐकलं तरी भागतं, ते असं.

हैबती त्याला घेऊन डोंगरावर गेला. माथ्यावर वारा मी म्हणत होता. हैबतीने तंबूचं कापड दोन टोकांनी ताणून धरलं. लिंबाजी बघत उभा राहिला. कापड फुगलं आणि हैबतीला घेऊन निघालं. करवंदाच्या जाळीत कापड आणि हैबती दोघं थांबले.

हैबती अंगातले काटे काढत म्हणाला, "अरे गाढवा, समोर कुणी कापड ताणून धरलं की बघत उभं राहायचं नाही. कुणाला विचारायचं नाही. काठी खुपसायची, खुंट्या ठोकायच्या आणि आत शिरायचं. आणि खुंट्या कायम कमरेला ठेवायच्या."

"कळलं, मामा."

ठोकल्या. शिरले. तेवढ्यात पाऊस आला. वर टपटप वाजत होतं, आत दोघं कोरडे. हैबतीला बरं वाटू लागलं होतं, तोच तंबू भिजतोय म्हणून लिंबाजी बाहेर जाऊन खुंट्या उपटू लागला. अंगावर ओलं कापड घेऊन हैबती ओरडला, "अरे, वरून टपटप वाजतंय तोवर तंबू उतरवायचा नाही. देव खाली आला आणि उतरव म्हणाला, तरी नाही."

"कळलं."

आणि खरंच कळलं. पुढची सगळी वाट लिंबाजीने एक चूक केली नाही. छप्पर पाठीवर होतं, हलकं होतं, स्वस्त होतं, थेंब आत आला नव्हता. हैबती शब्दाचा पक्का. दिवाळी झाली आणि लग्न ठरलं.

मांडव उभा राहिला. अख्खं आडवणे आलं. जीपवालाही आला, जीप मांडवाच्या तोंडाशी लावून. लिंबाजी मुंडावळ्या बांधून पाटावर उभा राहिला. समोर दोघांनी अंतरपाट धरला. हैबतीने मुद्दाम नवं कोरं, लांबरुंद धोतर आणलं होतं. ते चांगलं ताणून धरलं. पलीकडे सारजा.

लिंबाजीने बघितलं. समोर कापड. दोन टोकांनी ताणलेलं.

कुणाला विचारायचं नव्हतं. त्याने हैबतीच्या हातातली काठी घेतली, खुपसली. कमरेच्या खुंट्या काढल्या, हातातल्या नारळाने ठोकल्या आणि आत शिरला. अंतरपाट धरणारे नुसते हात वर करून उभे राहिले. भटजी डोळे मिटून गात होते. ते "सावधान" म्हणाले आणि वरून अक्षता पडल्या.

टपटप, टपटप.

भटजींनी डोळे उघडले. नवरदेव नव्हता. "अहो, बाहेर या. अंतरपाट उतरवायचा आहे."

"वरून वाजतंय," आतून आवाज आला. "थांबलं की उतरवतो."

"त्या अक्षता आहेत."

"असतील. थांबू दे."

पण अक्षता कशा थांबणार? म्हाताऱ्याकोताऱ्या म्हणाल्या, अंतरपाट उतरल्याशिवाय अक्षता थांबवल्या तर अपशकुन. लिंबाजी म्हणाला, अक्षता थांबल्याशिवाय अंतरपाट उतरणार नाही. भटजींची मंगलाष्टकं संपली. त्यांनी पहिल्यापासून धरली. तीही संपली. मग आरत्या घेतल्या. मग पाढे. अक्षता संपल्या तसं आचाऱ्याचं तांदळाचं पोतं आणलं. ते संपत आलं.

हैबती वाकून ओरडला, "अरे, मी सांगतोय, उतरव."

"मामा, देवाचंही ऐकायचं नाही म्हणालात. तुम्ही तर मामा."

जीपवाला हळूच हैबतीपाशी सरकला. "मामा, मुहूर्त अजून टळला नाही. मी आंघोळ करूनच आलोय."

ते सारजाने ऐकलं. तिने शालू खोचला, हार सावरला, धोतराची कड उचलली आणि आत शिरली.

"सरक तिकडे."

"ये. दोघांचा आहे."

आत हार घातले गेले. भटजींनी वाकून खात्री केली. अंतरपाट आता दोघांच्या मधे नव्हता, दोघांच्या वर होता. शास्त्राला तेवढं पुरलं. भटजींनाही पुरलं, त्यांचा घसा बसला होता. वाजंत्री वाजली. अक्षता थांबल्या. वऱ्हाडी नुसतं वरण प्यायला बसले, कारण भात मांडवभर पडला होता. हैबतीने डोळे पुसले. झालं एकदाचं, असं सगळ्यांना वाटलं.

लिंबाजीने डोकं बाहेर काढलं. वर बघितलं. हात पसरून बघितला. पाऊस नव्हता. तो बाहेर आला आणि सांगितल्याप्रमाणे तंबू उतरवू लागला.

खुंट्या उपटल्या. काठी काढली. घडी घातली. मावेना. आणखी एक घातली. आतून काहीतरी ओरडलं. लिंबाजीने गुडघा दिला, चार टोकांची गाठ मारली, बोचकं पाठीवर घेतलं, दोन पावलं टाकली आणि थांबला. मग मांडवभर माणसांतून वाट काढत सासऱ्यापुढे गेला आणि बोचकं त्याच्या पायाशी ठेवलं.

"मामा, वस्तू चांगली आहे. आत थेंब आला नाही. पण वजनाला फार आहे. याहून हलका दाखवा."

बोचक्याच्या गाठीतून हिरव्या चुड्याचा एक हात बाहेर आला. त्याने चाचपत चाचपत लिंबाजीचा कान शोधला आणि धरला.

आडवण्याला गेलात तर बघून या. तो कान अजून सुटलेला नाही.