बाजेचा चौथा पाय

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आमच्या भोकरडोहातल्या म्हाताऱ्यांना विसरायला आवडली असती. म्हणूनच सांगतो.

तेव्हा गावात भिवराई नावाची सुईण होती. अडलेलं मूलसुद्धा तिच्या हाकेला ओ देऊन बाहेर यायचं, असं म्हणतात.

एकदा भर दुपारी सूर्याला ग्रहण लागलं आणि नेमकी तेव्हाच रंभाजीची सून सगुणा अडली. रंभाजीनं चूल विझवली, दिवा विझवला, खिडकीला पोतं लावलं. ग्रहणात पोटुशीनं बाहेर यायचं नाही, विळ्याला हात लावायचा नाही, नाहीतर मूल फाटक्या ओठाचं होतं, असा नियम. नियम करणाऱ्यांतला एकही कधी बाळंत झाला नव्हता.

मूल आडवं होतं. घरात इतका अंधार की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. भिवराई म्हणाली, "बाज अंगणात घ्या. उजेड पायजे."

"गिऱ्हाण सुटंस्तोवर थांब," रंभाजी म्हणाला.

"मी थांबते की. पोटातल्याला इचारा, ते थांबतंय का."

आणि तिनं एकटीनं सगुणासकट बाज फरफटत अंगणात आणली. रंभाजीनं ओरडून पाटलाला आणि जोशाला बोलावलं. तिघांनी बाजेचे तीन पाय धरले नि आत ओढायला लागले. चौथा पाय भिवराईच्या मुठीत.

"मावशे, सोडू नगं," सगुणा कण्हली.

"पाप लागेल गं," जोशी म्हणाला.

"लागू द्या. बायांना सवय हाय."

तेवढ्यात सूर्य पुरता बुजला. पाखरं घरट्यांत शिरली. आधी शुक्र दिसला, मग सगळं आभाळ चांदण्यांनी भरलं. त्या इतक्या खाली उतरल्या की सगुणाच्या कपाळावरचा घाम दिसू लागला, असं म्हणतात. तिघेही पाय सोडून घरात पळाले. पाटील कणगीमागं लपला होता.

भिवराईनं त्या उजेडात मूल फिरवलं, बाहेर घेतलं आणि सूर्य काळा असतानाच विळ्यानं नाळ कापली. मुलगी झाली. ओठ अखंड होते. त्याच ओठांनी ती एवढी रडली की सूर्य दचकून बाहेर आला, असं म्हणतात.

सप्तर्षींना बाकीची गावं बाज म्हणतात. चार तारे म्हणजे बाजेचे पाय आणि मागचे तीन म्हणजे चोर. आमच्याकडे त्या चोरांची नावं ठाऊक आहेत.

आजही ग्रहण लागलं की भोकरडोहात पोटुशीची बाज अंगणात येते. ती बाजेवर बसून विळीवर भाजी चिरते. बाज बाहेर न्यायची असते घरातल्या तीन थोरल्या पुरुषांनी. गुडघे दुखतात, कंबर धरली, असं ते दर वेळी म्हणतात. कोणी ऐकत नाही. ज्यांनी आत ओढली त्यांनीच बाहेर न्यायची.

चौथा पाय बाई धरते. ती ओढेल तिकडे बाज जाते.