महाराजांची आमटी

राजे रणधवल यांना स्वयंपाकाचा नाद लागला आणि दामोबा आचाऱ्याला चुलीपासून बाजूला सरकावं लागलं.

महाराज रोज आमटी करायचे. फोडणी काळीकुट्ट होईपर्यंत थांबायचे, मग मूठभर हिंग टाकायचे, वर गूळ, वर पुन्हा हिंग! ती आमटी पंगतीत आली की सगळा दरबार एका सुरात "वा!" म्हणायचा. महाराजांना स्वतःलाही ती फार आवडायची. स्वतःची होती ना!

त्या दिवशी महाराजांनी दामोबालाही एक वाटी दिली. तो "वा" म्हणाला नाही. गटागटा पाणी प्यायला.

झालं! महाराजांच्या भुवया चढल्या. "सगळा दरबार वाहवा करतो आणि तू पाणी पितोस? एक तर दरबार खोटा, नाहीतर तुझी जीभ खोटी. कोण ते उद्याच्या पंगतीत सिद्ध कर. पण माझ्या आमटीला नावं ठेवायची नाहीत. आणि दरबाराला एका शब्दानं विचारायचं नाही. विचारलं की सगळे हो म्हणतात, एवढं कळतं मला! जमलं नाही, तर चूल सोड आणि राज्यही सोड."

दामोबा घरी आला आणि भांडीकुंडी बांधायलाच बसला.

त्याची मुलगी साळू भारी भित्री. मोहरी तडतडली तरी दचकायची. पण दचकली की पळून जायची नाही. कसला आवाज झाला ते वाकून, निरखून बघायची, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडायचा. बापाचं बोचकं बघून ती दचकलीच. मग तिनं महाराजांचा सगळा हुकूम नीट विचारून घेतला.

"बाबा, आमटी चांगली झाली तर लोक काय करतात?"

"वा वा करतात. आणखी काय!"

"ते तोंडानं. हातानं काय करतात?"

"हातानं?" दामोबा वैतागला. "मागून घेतात, वाटी पुढे करतात. कमी पडली तर भांडतातसुद्धा! तुझ्या आत्याच्या लग्नात मठ्ठा संपला, तर व्याही पानावरून उठले होते."

"मग सोडा ते बोचकं," साळू म्हणाली. "आणि उद्या बासुंदी करा. थोडीच करा हं!"

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. पानांवर भात पडला. साळू महाराजांच्या आमटीचं पातेलं घेऊन उभी राहिली. पळी पातेल्यावर खणकन वाजली, तशी ती स्वतःच दचकली.

"महाराजांच्या हातची आमटी आज थोडीच आहे," ती कशीबशी म्हणाली. "सगळ्यांना पुरायची नाही. हवी त्यांनी मागून घ्यावी. बाकीच्यांना साधं वरण आहे."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग प्रधानजींना गहिवरून आलं.

"अरेरे! असं अमृत थोडंसंच, आणि ते मी प्यावं? नाही, नाही! सेनापतींना वाढ. ते राज्य राखतात."

सेनापतींनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. लढाईत ढालसुद्धा त्यांनी कधी इतकी घट्ट धरली नसेल. "छे, छे! आधी पुरोहितबुवा!"

"माझा आज उपास आहे," पुरोहितबुवा म्हणाले आणि त्यांनी भातावर वरण मागून घेतलं.

पातेलं सगळी पंगत फिरून परत आलं. जसं गेलं, तसंच!

महाराजांचे डोळे पाणावले. "पाहिलंस, दामोबा? माझ्या राज्यात केवढा हा त्याग!"

"आपल्याच सहवासाचा गुण, महाराज!" प्रधानजी म्हणाले.

दामोबानं कपाळाला हात लावला. साळू मात्र महाराजांच्या पाटाजवळ गेली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "महाराज, त्याग असेलही. पण एकदा खात्री करून घेऊ या का? आता बाबांची बासुंदी यायची आहे. तीही थोडीच आहे. माणसं त्यागी असतील, तर तेही पातेलं भरलेलंच परत येईल."

महाराज मिशीवर बोट ठेवून थांबले. "आण बासुंदी!"

साळूनं पातेलं आणलं. "बासुंदी थोडीच आहे. सगळ्यांना पुरायची—"

तिचं वाक्य पुरं झालंच नाही.

"इकडे! आधी इकडे!" सेनापती पाटावरून अर्धे उठले.

"मानाप्रमाणे वाढ, पोरी! आधी प्रधान!" आणि वाटी पुढे करताना प्रधानजींची पगडी चटणीत पडली.

"बुवा, तुमचा उपास?" कुणीतरी ओरडलं.

"दूध उपासाला चालतं!" बुवांनी दोन वाट्या पुढे केल्या.

पातेलं अर्ध्या पंगतीतच रिकामं झालं. उरलेल्या अर्ध्या पंगतीनं असा काही गिल्ला केला, की विचारू नका.

महाराज उठून उभे राहिले. गिल्ला एकदम थांबला. त्यांनी एकदा भरलेल्या पातेल्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या.

"साळू! खरं सांग. माझी आमटी कशी आहे?"

साळू दचकली. "आमटीला नावं ठेवायची नाहीत असा हुकूम आहे, महाराज. दरबाराला मी एका शब्दानं विचारलेलं नाही. दोन्ही पातेली तेवढी आपल्यासमोर ठेवली आहेत."

महाराजांचे ओठ थरथरले. दामोबानं डोळे मिटले. आणि महाराज असे खदखदा हसले, की साळूच्या हातातली पळीच खाली पडली!

"दामोबा, चूल तुझी! मी आता फक्त जेवणार. आणि पोरी, उरलेली ही आमटी बक्षीस म्हणून तुला देऊन टाकू का?"

"नको, महाराज!" साळू दोन पावलं मागे सरली. "असं अमृत मी कसं प्यावं? प्रधानजींना द्या!"

महाराज पोट धरून पुन्हा हसले. गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्यांनी साळूच्या ओंजळीत टाकला, आणि पातेलं स्वतःच्या हातानं उचलून प्रधानजींच्या पानापुढे ठेवलं.

"घ्या, प्रधानजी. आज सगळी तुम्हाला!"

प्रधानजींनी डोळे मिटले, पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "वा!"