चिताऱ्याच्या बागेचं फाटक

भालवणचा राजवाडा बघायला जाणाऱ्यांना दोन गोष्टींचं नवल वाटतं. राजवाड्याच्या आवारातली सगळ्यात देखणी बाग राजाच्या नावावर नाही, ती 'चिताऱ्याची बाग' म्हणून ओळखली जाते आणि सातबाऱ्यावरही चिताऱ्यांचंच नाव आहे. दुसरी गोष्ट त्या बागेच्या फाटकाची. लहान मूल घेऊन कुणी बाहेर पडू लागलं की राखणदार आडवा हात धरतो आणि विचारतो, "ह्या चेडू कोणाचा?" चेडू म्हणजे मुलगी, पण मुलगा असला तरी प्रश्न तोच. आईबापांनी मुलाचा हात धरून "आमचा" किंवा "आमची" असं उत्तर द्यायचं, मगच फाटक उघडतं.

पुण्याहून एका दिवसाची खास सहल ठरवून आलेलं कारखानीस कुटुंब या फाटकाशी अडलं, तेव्हा नवराबायको दोघंही हसली. नऊ वर्षांची ओवी तर जास्तच हसली. त्यांना राजवाडा दाखवणारे दत्ताराम चितारी मात्र हसले नाहीत. सत्तरी ओलांडलेला हा माणूस, गावात सगळे त्यांना दत्ताआबा म्हणतात. ते म्हणाले, "उत्तर मागाहून देवा. आधी बसा हय. कशाचा उत्तर देतास ता कळाक होया." आणि फाटकाजवळच्या पारावर बसून त्यांनी जे सांगितलं, ते असं.

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी भालवणच्या राजेसाहेबांना एकच मुलगी होती, कमळाराजे. सगळे तिला आक्कासाहेब म्हणत. ती नवव्या वर्षी देवीच्या साथीत गेली. राणीसाहेबांनाही त्याच वेळी देवी आलेल्या, म्हणून त्यांना वेगळ्या दालनात ठेवलं होतं. त्या उठून बसल्या तेव्हा मुलीची राखसुद्धा समुद्राला मिळाली होती. शेवटचं तोंड पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

त्या काळी लहान मुलाचं चित्र काढत नसत. चित्र काढलं की आयुष्य कमी होतं, अशी समजूत. त्यामुळे राजवाड्यात आजोबा-पणजोबांच्या तसबिरी होत्या, घोड्यांच्या होत्या, एका हत्तीचीही होती, आक्कासाहेबांची नव्हती. वर्ष सरलं आणि एके सकाळी राणीसाहेब किंचाळत उठल्या म्हणे. मुलीचा चेहरा त्यांना आठवेना. डोळे आठवायचे तर नाक जायचं, नाक आठवायचं तर हनुवटी. त्या दिवसापासून त्यांनी अन्न टाकलं. पेज तेवढी घशाखाली जायची.

राजवाड्याचा चितारी होता भिकाजी. गंजिफाचे पत्ते, पाट, पाळणे, देवघराची मखरं, सगळं त्याच्या हातचं. रंगासाठी लागणारी झाडं तो राजवाड्याच्या मागच्या तुकड्यात लावायचा. निळ्यासाठी गोकर्ण, केशरीसाठी पळस आणि पारिजातक, लालसाठी रातांबे, पिवळ्यासाठी हळद. आक्कासाहेब तासन्‌तास त्या तुकड्यात खेळायच्या. राजवाड्यात सगळे तिच्यापुढे मान खाली घालून उभे राहायचे, तिला डोळे भरून पाहिलेला परका माणूस एकटा भिकाजी. म्हणून राणीसाहेबांनी त्याला बोलावलं आणि सांगितलं, "माझी मुलगी या भिंतीवर काढ. ती ज्या फुलांत खेळली त्याच फुलांच्या रंगानं काढ."

भिकाजी घाबरला. आक्कासाहेब त्याला आठवत नव्हत्या असं नाही, चांगल्या आठवत होत्या. भीती भिंतीची होती. भिंत चुन्याची, आणि फुलाचा रंग चुन्यावर टिकत नाही. हळदीला चुना लागला की तिचं कुंकू होतं, हे चिताऱ्याच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पण राणीसाहेबांना नाही म्हणायची छाती त्याच्यात नव्हती. त्यानं पत्त्यांना करतात तसं केलं. चिंचोक्याच्या खळीत पांढरी माती कालवून भिंतीवर सात थर चढवले आणि त्यावर चित्र काढलं. पत्त्याला जे साधतं ते भिंतीला साधेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. चुना खळीखालून वर येतो हे त्याला माहीत होतं. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

चित्र उतरलं ते आक्कासाहेबच. राणीसाहेब त्यापुढे बसून रडल्या आणि त्या दिवशी अर्धी भाकरी जेवल्या.

पावसाळा आला, भिंतींनी ओल धरली आणि दसऱ्याला बघतात तर मुलीचा चेहरा धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा फिका. परकराचा निळा हिरवट पडलेला. राणीसाहेबांनी पुन्हा अन्न टाकलं. भिकाजीनं करवंट्यांत रंग घोटले आणि पुन्हा चित्र काढलं. मग तो शिरस्ताच पडला. दर पावसाळ्यात चित्र जायचं, दर दसऱ्याला भिकाजी ते पुन्हा उभं करायचा.

पण चित्र फिकं होतं तशी आठवणही फिकी होते. पहिल्या वर्षी त्यानं मुलगी आठवून काढली. दुसऱ्या वर्षी भिंतीवर उरलेलं बघून काढली. तिसऱ्या वर्षी उरलं ते अपुरं पडलं, तेव्हा हातानंच जागा भरून काढली. हात ते कुठून आणत होता, याचा विचार भिकाजीनं केला नाही. करायला हवा होता.

भिकाजीला आणि त्याच्या बायकोला, रखमाला, एक मुलगी होती, शेवंती. आक्कासाहेब गेल्या तेव्हा ती तीन वर्षांची. भिंतीवरची मुलगी नऊ वर्षांचीच राहिली आणि घरची शेवंती वाढत वाढत नऊ वर्षांची झाली. भिकाजी रोज तिच्यासमोर बसून जेवायचा, रोज तिचे केस पुसायचा. कधीतरी आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, पडून तिच्या डाव्या भिवईला खोक पडली होती, तिथे बारीकसा वण राहिला होता. सहाव्या दसऱ्याला त्यानं जे चित्र काढलं, तसं आधी कधी उतरलं नव्हतं. राजवाड्यातला जो तो म्हणू लागला, आता फक्त बोलायची राहिली. भिकाजीही खुशीत होता. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

ते चित्र बघून राणीसाहेबांना इतकी उभारी आली की सहा वर्षांत पहिल्यांदा त्या उन्हात बाहेर पडल्या. बागेकडे आल्या. शेवंती पारिजातकाखाली बसून फुलं वेचत होती, भिकाजी जवळच होता. राणीसाहेब थबकल्या, मग पुढे होऊन त्यांनी तिची हनुवटी वर केली आणि भिवईवरच्या वणावरून बोट फिरवलं. तो वण बोटाखाली आलेला बघितला, तेव्हा कुठे भिकाजीला कळलं की वण भिंतीवरही आहे, आणि तो आपणच काढलाय.

"कुठे होतीस इतके दिवस?" राणीसाहेबांनी विचारलं आणि तिचा हात धरून तिला आत नेलं.

शेवंती मागे वळून म्हणाली, "बाबा, मी जाव?"

भिकाजीला वाटलं, पोरगी घटकाभर आत बसेल, राणीसाहेबांचं मन शांत होईल, मग कुणीतरी आणून सोडेल. त्यानं मान हलवली.

दिवे लागायच्या वेळेला शेवंतीऐवजी राजेसाहेबांचा निरोप आला. भिकाजी गेला, तर ते त्या चित्रासमोर एकटेच उभे होते.

"भिकाजी, आमच्या मुलीच्या भिवईवर वण नव्हता."

"चूक झाली सरकार. पुसून टाकतंय."

"राणीसाहेब आज ताट पुसून जेवल्या. सहा वर्षांनी." राजेसाहेब चित्राकडे वळले. मग म्हणाले, "उद्या सदरेवर आम्ही चारचौघांत तुला विचारू, ही मुलगी कुणाची. आम्ही जबरदस्ती करणार नाही. तू सांगशील तेच खरं धरू."

राजा असं बोलला तो भला म्हणून, की पाप आपल्या माथी नको म्हणून, यावर भालवणात अजून वाद आहे. दत्ताआबांचं मत विचाराल तर दोन्ही.

घरी रखमा उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

"एकच शब्द सांगूचो असा," ती म्हणाली. "आमचा म्हणान सांगा नि चेडवाक घेवन घराक येवा."

"आणि रानीसायब मेली तर?"

"तेंचा चेडू मेला. माझा जिता असा."

यापेक्षा खरं कुणी काय बोलणार? भिकाजीला ते पटलं. दुसऱ्या दिवशी सदरेवर जाताना तो शब्द तो घोकत होता म्हणे.

सदर भरलेली. राणीसाहेब पडद्याआड न बसता समोर आल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर शेवंती होती, आक्कासाहेबांच्या परकरात, गळ्यात पुतळ्यांची माळ. बापाला बघून ती हसली. राजेसाहेबांनी विचारलं, "भिकाजी, ही मुलगी कुणाची?"

भिकाजीनं राणीसाहेबांकडे पाहिलं. त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या, पोरीच्या केसांतला गुंता सोडवत होत्या. त्याच्या मनात आलं, आपण 'आमची' म्हटलं की भिंतीवरचं चित्र खोटं ठरणार. मग खरी आक्कासाहेब कुठे आहे? ती तर कुठेच नाही. आपल्या हातानं ती दर वर्षी थोडी थोडी पुसली गेली, आणि ते आता राणीसाहेबांना सांगावं लागणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"आपलीच, सरकार," तो म्हणाला.

शेवंतीला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं हाक मारली. ती हाक कशी होती ते दत्ताआबा सांगत नाहीत. त्यांच्या घरात ती कुणी काढून दाखवत नाही, एवढंच म्हणतात.

आठवड्याभरात मागचा तुकडा भिकाजीच्या नावे इनाम झाला. तीच ही बाग. राजवाड्याच्या आवारात चिताऱ्याची बाग आली ती अशी.

पुढच्या पावसाळ्याआधी भिकाजीनं एक शेवटचा प्रयत्न केला. चित्र नसलं तर राणीसाहेब विसरतील, विसरल्या तर पोर परत देतील, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं चुन्याची बादली नेली आणि भिंत पांढरी केली. भिवईवरच्या वणापाशी हात अडला, पण तोही गेला. मग तो शिक्षेची वाट बघत बसला. महिना झाला, दोन झाले. कुणी काही विचारलं नाही. मुलगी घरात हसत-खेळत असताना भिंतीकडे कोण बघतं? राणीसाहेबांच्या ते लक्षातही आलं नाही. आक्कासाहेबांचं जे काही उरलं होतं, ते मात्र त्या बादलीबरोबर संपलं.

रखमा नवऱ्याशी पुन्हा बोलली नाही. सुरुवातीला तिला आठ दिवसांतून एकदा फुलांची परडी घेऊन आत जाऊ देत. पण ती गेली की मुलगी रात्रभर रडते, म्हणून तेही बंद झालं. तेव्हा ती या फाटकाशी येऊन बसू लागली. मूल घेऊन कुणीही जाऊ लागलं की विचारायची, "ह्या चेडू कोणाचा?" आईबापांनी "आमचा" म्हटलं की वाट द्यायची. लोक तिला वेडी समजायचे, तरी उत्तर द्यायचे.

सहा वर्षांनी या नव्या आक्कासाहेबांचं, म्हणजे शेवंतीचं, लग्न झालं आणि पालखी सासरी निघाली ती याच फाटकातून. सहा वर्षांत केस पिकून म्हातारी दिसू लागलेली रखमा उठून वाटेत आडवी उभी राहिली. भोई थांबले. भिकाजी चार पावलांवर पळसाला टेकून उभा होता.

"ह्या चेडू कोणाचा?" रखमानं विचारलं.

सगळी वाट भिकाजीकडे बघत होती. राजेसाहेब त्या वर्षी निवर्तले होते, राणीसाहेब आत होत्या, त्याला अडवणारं तिथं कुणी नव्हतं. त्याचे ओठ हलले असं काही जण सांगतात. शब्द कुणी ऐकला नाही.

मग पालखीचा पडदा बाजूला झाला. आतल्या मुलीनं म्हातारीकडे मायेनं पाहिलं, जसं चांगल्या घरची लेक कुठल्याही म्हातारीकडे पाहते.

"मी राजेसाहेबांची, आजी," ती म्हणाली. "वाट द्या."

रखमानं वाट दिली.

दत्ताआबा थांबले. ते भिकाजीच्या धाकट्या भावाच्या वंशातले. "लोक म्हणतत, बिचारो, काय करतलो," ते म्हणाले. "मी नाय म्हणत. शब्द एकच होतो."

ओवीनं विचारलं, "तिला आई ओळखू आली नाही?"

"माझी आजी म्हणायची, नाय आली. काय लोक म्हणतत, आली, म्हणान 'आजी' म्हणाली नि पडदो ओढलो. खरा काय ता पालखीबरोबर गेला, बाय."

कारखानीस कुटुंब फाटकाशी आलं. राखणदारानं हात आडवा धरला आणि विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही. "आमची," ओवीची आई म्हणाली, गरजेपेक्षा जरा मोठ्यानं, आणि गाडीपर्यंत तिनं मुलीचा हात सोडला नाही.

आजही राजवाड्यातली ती भिंत पांढरीच आहे, चितारी घराणं दर दसऱ्याला तिला नवा चुना देतं. आजही बागेत गोकर्ण फुलतो, पारिजातकाचा सडा पडतो, आणि त्यापासून कुणी रंग करत नाही. आणि आजही दिवस मावळता बाग बंद करायच्या वेळी, शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर, राखणदार रिकाम्या बागेकडे तोंड करून तोच प्रश्न एकदा विचारतो, उत्तर येण्याइतका वेळ थांबतो आणि फाटकाला कुलूप लावतो.